घड्याळातला मध्यम चंद्र आणि पाटणचा स्पष्ट चंद्र

यांत्रिक घड्याळांच्या जगात चंद्रकला दाखवणाऱ्या घड्याळाला फार वरचे स्थान आहे. तबकडीवरच्या छोट्या कमानदार खिडकीतून गडद निळ्या चकतीवरचा सोनेरी चंद्र रोज थोडाथोडा पुढे सरकतो, पौर्णिमेला पुरता समोर येतो आणि अमावस्येला खिडकीच्या गोलसर काठाआड जातो. हे सारे विजेवाचून, केवळ गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या ताणावर आणि एकमेकांत अडकलेल्या दातेरी चाकांवर चालते. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप या कंपनीने १९२५ मध्ये लहानमोठे महिने आणि लीप वर्षे आपोआप सांभाळणारी दिनदर्शिका मनगटी घड्याळात प्रथम बसवली, तेव्हा त्या घड्याळातही चंद्राची ही खिडकी होती. पुढे ती उंची घड्याळाची ओळखच बनली आणि आज अशा घड्याळांच्या किमती लाखो रुपयांत, काहींच्या तर कोटींत मोजल्या जातात.

या खिडकीत दिसणाऱ्या चंद्राला भारतीय ज्योतिषगणिताच्या परिभाषेत ‘मध्यम चंद्र’ असे म्हणावे लागेल. मध्यम म्हणजे सरासरी गतीने, एका चालीने फिरणारा, गणिताच्या सोयीसाठी कल्पिलेला चंद्र. आकाशात जो प्रत्यक्ष दिसतो, जो पृथ्वीच्या जवळ आला की भराभर आणि दूर गेला की संथ चालतो, त्याला ‘स्पष्ट चंद्र’ म्हणतात. मध्यमावरून स्पष्ट कसा काढावा, हा भारतीय ज्योतिषशास्त्राचा कणा आहे, आणि हे शास्त्र परंपरेने शिकवले जावे म्हणून इ.स. १२०७ मध्ये खानदेशात एक मठ उभा राहिला. आजच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगराच्या कुशीत असलेले पाटण हे ते ठिकाण होय. पाटणादेवीच्या दर्शनाला खानदेशातून हजारो लोक तेथे जातात; त्याच परिसरातील देवीच्या देवळात या मठाचा शिलालेख सापडला.

घड्याळातल्या चंद्राची रचना आधी पाहिली म्हणजे पाटणच्या विद्येचे वेगळेपण समजणे सोपे जाईल. दोन पौर्णिमांमधले सरासरी अंतर २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे आणि सुमारे ३ सेकंद इतके आहे, म्हणजे साडेएकोणतीस दिवसांहून थोडे अधिक. अर्धा दात चाकाला असू शकत नाही, म्हणून कारागिरांनी महिन्याची दुप्पट करून ५९ दातांचे चाक बनवले आणि त्यावरच्या चकतीवर समोरासमोर दोन चंद्र रंगवले. रोज एक दात सरकला की एक चंद्र साडेएकोणतीस दिवसांत खिडकी ओलांडतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रवेश करतो. ही युक्ती सुबक आहे, पण दर महिन्याला वरची ४४ मिनिटे सुटतात आणि सुमारे २ वर्षे ८ महिन्यांत पुरा एक दिवस चुकतो. आपल्याकडे अधिक मास साधारण इतक्याच अंतराने येतो. हा निव्वळ योगायोग असला, तरी असे घड्याळ बाळगणाऱ्या मराठी माणसाने अधिक मास आला की घड्याळातला चंद्र एक दिवसाने सरकवून घ्यावा, इतका तो उपयोगी योगायोग आहे. ही चूक कमी करण्यासाठी पुढे १३५ दातांचे चाक आणि त्याला जोडणारी अधिक चाके आली, त्यामुळे एका दिवसाचा फरक पडायला सुमारे १२२ वर्षे लागू लागली. काही कारागिरांनी तर लाखो वर्षांत एक दिवस चुकेल अशी चाकांची साखळी जुळवून दाखवली आहे.

सरासरी महिन्याच्या अचूकतेचाच प्रश्न असेल, तर पाटणच्या मठात ज्या ग्रंथाचे अध्यापन व्हावे असे ठरले होते, त्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील मान पाहण्यासारखे आहे. गणितज्ञ आणि ज्योतिषी भास्कराचार्यांनी हा ग्रंथ वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये लिहिला. त्यात एका कल्पातील, म्हणजे ४ अब्ज ३२ कोटी वर्षांतील, चांद्रमास ५३,४३,३३,००,००० आणि सावन दिवस, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचे दिवस, १५,७७,९१,६४,५०,००० असे धरले आहेत. ही मूल्ये मुळात ब्रह्मगुप्ताची, इ.स. ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’तली, आणि भास्कराचार्यांनी ती आधार म्हणून स्वीकारली. दुसऱ्या संख्येला पहिलीने भागले की एक चांद्रमास २९.५३०५८२ दिवसांचा येतो; आजचे मान २९.५३०५८९ आहे. हा फरक महिन्याला अवघ्या अर्ध्या सेकंदाच्या आसपास आहे, म्हणजे एका दिवसाची चूक साठायला सुमारे १२ हजार वर्षे लागतील. कल्पाच्या अवाढव्य संख्या वापरण्यामागचे व्यावहारिक कारण इथेच दिसते: छेद जितका मोठा, तितका अपूर्णांक बारकाईने धरता येतो, आणि घड्याळजीला जी अडचण दातांच्या संख्येमुळे येते ती गणितज्ञाला येत नाही.

पाटणच्या शिलालेखाकडे आधुनिक विद्वानांचे लक्ष वेधले ते मुंबईचे डॉक्टर आणि प्राच्यविद्येचे व्यासंगी भाऊ दाजी लाड यांनी. आर्यभट ते भास्कराचार्य या ज्योतिष्यांच्या काळाविषयी त्यांचा जो निबंध १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला, त्यात हा लेख प्रथम जगापुढे आला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवून जर्मनीला परतलेले प्राध्यापक कीलहॉर्न यांनी त्याचे काटेकोर वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात १८९२ मध्ये प्रसिद्ध केले. लेखाचा बहुतांश भाग संस्कृतात असून शेवटच्या काही ओळी त्या काळच्या मराठीत आहेत, आणि हा दुभाषी घाट अर्थपूर्ण आहे: राजवंश, विद्वानांची कुळी आणि शास्त्राची थोरवी संस्कृतात सांगितली आहे, तर बाजारातून मठाला काय मिळावे हे ज्यांच्याकडून ते मिळायचे त्यांच्या भाषेत कोरले आहे.

संस्कृत भागात भास्कराचार्यांच्या घराण्याच्या नऊ पिढ्या येतात. कविचक्रवर्ती त्रिविक्रमापासून सुरुवात होते. त्याचा पुत्र भास्करभट्ट याला भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिली. पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर. महेश्वराचा पुत्र भास्कराचार्य, त्यांचा पुत्र लक्ष्मीधर आणि लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव. हा लक्ष्मीधर सर्व शास्त्रांत निपुण असल्याचे जाणून यादव राजा जैत्रपाल याने त्याला ‘या नगरातून’ आपल्याकडे नेले आणि विद्वानांत अग्रस्थान दिले, असे लेख म्हणतो. चांगदेव हा जैत्रपालाचा पुत्र सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता आणि आजोबांच्या शास्त्राचा प्रसार व्हावा या हेतूने त्यानेच मठ स्थापला. भास्कराचार्यांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथ आणि त्यांच्या घराण्यातील इतरांचे ग्रंथ या मठात नेमाने व्याख्यानिले जावेत, असा स्पष्ट निर्देश लेखात आहे. एका गणितज्ञाच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्याच्या नातवाने संस्था उभारावी आणि तिच्या खर्चाची तरतूद दगडावर कोरून ठेवावी, असा दुसरा इतका ठसठशीत दाखला मध्ययुगीन भारतात सापडणे कठीण आहे.

भास्कराचार्यांचे गाव कोणते, यावर विद्वानांत मोठा वाद झालेला आहे. त्यांनी स्वतः सह्यपर्वताच्या सान्निध्यातले ‘विज्जडविड’ असे गावाचे नाव दिले आहे, आणि त्यावरून विजापूरपासून बीडपर्यंत अनेक ठिकाणे सुचवली गेली. पाटणच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे लेखातील ‘या नगरातून’ हे शब्द होत, कारण त्यांचा सरळ अर्थ लक्ष्मीधर याच नगरात राहत होता असा होतो. वाद मिटवण्याइतके ते निर्णायक नसले, तरी आचार्यांच्या पुढच्या दोन पिढ्या खानदेशाशी बांधलेल्या होत्या हे त्यांनी निर्विवाद ठरते. या निष्कर्षाला बहाळच्या शिलालेखाचाही आधार मिळतो. चाळीसगाव तालुक्यातच गिरणेच्या काठी असलेल्या बहाळ येथे शके ११४४, म्हणजे इ.स. १२२२ मध्ये, अनंतदेवाने देवीचे देऊळ बांधले. हा अनंतदेव भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचा नातू आणि सिंघणाचाच ज्योतिषी. त्याने ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातील एका अध्यायावर आणि वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’वर टीका लिहिल्याचे तेथील लेखात नमूद आहे. एकाच तालुक्यात, पंधरा वर्षांच्या अंतराने, एकाच गणिती कुळाचे दोन शिलालेख मिळावेत ही गोष्ट खानदेशाच्या इतिहासात जितकी मिरवायला हवी तितकी मिरवली गेलेली नाही.

मठाचा दाता सोइदेव हा निकुंभ घराण्यातला होता. निकुंभ स्वतःला सूर्यवंशी म्हणवीत, यादवांचे मांडलिक म्हणून सोळाशे गावांच्या प्रदेशावर त्यांचा अंमल होता आणि पाटण हे त्यांचे ठाणे होते. सोइदेवानंतर त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव याच्याकडे सत्ता आली आणि त्यानेही मठाच्या दानाला पाठबळ दिले. दानाचा तपशील जुन्या मराठी ओळींत येतो. पाटणच्या पेठेत जो माल विकायला उघडला जाई, त्यावर गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला गेला. गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एकेक पळी तेल ठरले. आणि तिथे जे धान्य मोजले जाईल ते मठाच्याच मापाने मोजावे, मापणावळीतला अर्धा वाटा मठाला आणि अर्धा मापाऱ्याला जावा, असा नियम घातला गेला. चंद्राच्या गतीचे बारकावे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दिव्यातले तेल पाटणच्या तेल्यांच्या घाण्यातून येत होते, आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय बाजारातल्या रोजच्या देवघेवीवर बसवलेली होती. राजाची मर्जी फिरली तरी बाजार चालू राहतो, हे जाणून केलेली ही तरतूद दूरदृष्टीची म्हटली पाहिजे.

आता दानाच्या तिथीकडे वळू, कारण मध्यम आणि स्पष्ट चंद्रातला फरक तिथे डोळ्यांसमोर उभा राहतो. लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असे चार घटक दिले आहेत. गतवर्षाच्या, म्हणजे पुरी झालेली वर्षे मोजण्याच्या, हिशेबाने शके ११२८ मधली श्रावणी पौर्णिमा इ.स. १२०६ च्या ऑगस्टात येते. पण त्या पौर्णिमेला चंद्र पातापासून, म्हणजे त्याची कक्षा सूर्यमार्गाला जिथे छेदते त्या बिंदूपासून, इतका दूर होता की पृथ्वीची दाट छाया त्याच्यावर पडणे शक्य नव्हते. पुढच्या वर्षी, प्रभव संवत्सरात, श्रावणी पौर्णिमेला चंद्र पाताच्या सहा अंशांच्या आत होता आणि ग्रहण झाले. म्हणून दानाची तारीख गुरुवार, ९ ऑगस्ट १२०७ अशी येते. शकाच्या आकड्याबाबतचा संशय स्वतः चंद्रानेच मिटवला आहे.

आजच्या गणिताने त्या दिवसाकडे मागे वळून पाहिले, तर पौर्णिमेचा खरा क्षण गुरुवारी संध्याकाळी सूर्यास्ताच्या तासभर आधी आला, आणि खानदेशात चंद्र पूर्वेला उगवला तो ग्रहण लागलेलाच उगवला. अशा ग्रहणाला ग्रस्तोदित म्हणतात, आणि चंद्र उगवल्यापासून ग्रहण सुटेपर्यंतचा अर्ध्या तासाच्या आसपासचा काळच काय तो दानाच्या पुण्यकाळासाठी हाती होता. याउलट सरासरी गतीने चालणाऱ्या मध्यम चंद्राची पौर्णिमा त्यानंतर जवळजवळ १३ तासांनी, शुक्रवारी सकाळी, पडते. याचा अर्थ असा की, लाखो वर्षांत एक दिवस चुकणारे, जगातले सर्वांत महागडे चंद्रकलेचे घड्याळ त्या संध्याकाळी सोइदेवाच्या हाती असते आणि ते कितीही काळजीपूर्वक लावलेले असते, तरी ग्रहण सुटून, रात्र उलटून, चंद्र मावळल्यावर त्याने पौर्णिमा दाखवली असती. यात कारागिराचा दोष नाही. चाक एकसारखे फिरते आणि चंद्र तसा फिरत नाही.

चंद्र तसा का फिरत नाही, हे सिद्धान्तग्रंथ मंदफलाच्या साहाय्याने सांगतात. मंदफल म्हणजे मध्यम स्थानात मिळवायचा किंवा वजा करायचा संस्कार. चंद्राच्या कक्षेचा मध्य पृथ्वीपासून थोडा बाजूला आहे अशी कल्पना करून ते काढले जाते आणि चंद्राच्या बाबतीत ते जास्तीत जास्त सुमारे ५ अंश असते. सूर्यालाही असेच, पण दोन अंशांच्या आसपासचे मंदफल असते. तिथी ही सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढायला लागणारा काळ असल्याने दोघांची मंदफले तिच्यात मिसळतात. म्हणूनच कधी तिथी वीस तासांत आटोपते, कधी सव्वीस तासांहून लांबते, आणि पंचांगात तिथीचा क्षय किंवा वृद्धी दिसते. चंद्राच्या गतीत याखेरीजही चढउतार आहेत, पण अमावस्या-पौर्णिमेच्या वेळी त्यांतला मुख्य चढउतार मंदफलाशी असा मिसळतो की दोहोंचा एकत्रित परिणाम नेमका पाच अंशांच्या आसपास येतो. ग्रहणे पर्वकाळीच होत असल्याने आपल्या ज्योतिष्यांनी त्याच वेळच्या चंद्रावर आपले मान घासूनपुसून घेतले होते, आणि पौर्णिमेच्या क्षणापुरते त्यांचे एकच मंदफल चांगले काम देत होते.

भास्कराचार्यांनी या बाबतीत पूर्वसूरींच्या पुढे टाकलेले पाऊल म्हणजे ‘तात्कालिकी गती’ची कल्पना. एका दिवसातले चंद्राचे चलन काढून त्याच प्रमाणात तासांचा हिशेब करण्याची रीत रूढ होती. पण चंद्राची गती मोठी आहे आणि ती क्षणोक्षणी बदलते, म्हणून तिथीचा शेवट जवळ आला असेल तर त्या क्षणीची गतीच वापरली पाहिजे, असे त्यांनी ‘ग्रहगणिता’त बजावले आणि ती काढण्यासाठी ज्येच्या (साइनच्या) वाढीचा दर कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात असतो हा नियम वापरला. आजचा विद्यार्थी महाविद्यालयात ज्याला साइनचे डेरिव्हेटिव्ह म्हणतो, त्याचे हे स्पष्ट बीज आहे. युरोपात कॅल्क्युलस जन्माला येण्यापूर्वी पाचशे वर्षे ही कल्पना मांडली गेली आणि तिथी कोणत्या क्षणी संपते या अगदी व्यवहारातल्या प्रश्नातून ती निघाली, ही गोष्ट गणिताच्या इतिहासात मोलाची आहे.

घड्याळाची खिडकी चंद्राचा उजळ भाग दाखवते, त्याचेही स्वतंत्र प्रकरण सिद्धान्तग्रंथांत असते. त्याला ‘शृंगोन्नती’ म्हणतात: चंद्रकोरीची दोन टोके म्हणजे शृंगे, त्यांपैकी कोणते किती उंच दिसेल आणि बिंबाचा किती भाग शुभ्र असेल याचे गणित. चंद्रबिंब १२ अंगुळांचे मानून सूर्य-चंद्रातल्या अंतराचे अंश १५ ने भागले की शुभ्र भागाची अंगुळे मिळतात, अशी सोपी जुनी रीत होती. तिच्यानुसार ९० अंशांच्या अंतरावर चंद्र बरोबर अर्धा उजळला पाहिजे. भास्कराचार्यांनी इथे हरकत घेतली. चंद्र बरोबर अर्धा उजळलेला दिसतो तेव्हा काटकोन चंद्रापाशी असतो, म्हणजे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या त्रिकोणात पृथ्वीपाशी होणारा कोन ९० अंशांहून लहानच राहणार. सूर्य अनंत अंतरावर असता तरच तो ९० झाला असता. त्यांच्या मानाप्रमाणे सूर्य ६,८९,३७७ योजने आणि चंद्र ५१,५६६ योजने दूर आहे, म्हणजे सूर्य चंद्राच्या सुमारे तेरा पट लांब. त्यावरून त्यांनी अर्धचंद्राचा कोन ८५ अंश ४५ कला दिला. सूर्याचे अंतर प्रत्यक्षात चंद्राच्या जवळपास चारशे पट असल्याने खरा कोन ८९ अंश ५१ कलांच्या आसपास आहे, आणि आचार्यांची संख्या त्या मानाने चुकली. पण चूक अंतराच्या स्वीकृत मानात आहे, भूमितीत तसूभरही नाही. ग्रीक ज्योतिषी अरिस्टार्कस याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात याच त्रिकोणावरून उलट दिशेने, कोन धरून सूर्याचे अंतर काढू पाहिले होते, आणि त्याचाही ८७ अंशांचा कोन चुकलेलाच होता.

गणिताच्या जोडीला यंत्रेही होती. ‘गोलाध्याया’तल्या यंत्राध्यायात आचार्यांनी गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य आणि स्वतः योजलेले फलकयंत्र यांचे वर्णन केले आहे. त्यांपैकी घटीयंत्र हे त्या काळचे खरे घड्याळ: बुडाला छिद्र असलेले तांब्याचे अर्धगोल वाडगे पाण्यावर सोडायचे, ते भरून बुडाले की एक घटी, म्हणजे आजची २४ मिनिटे झाली, अहोरात्राच्या ६० घटी. जुन्या ग्रंथांत या वाडग्याला तांबे किती पळे, उंची किती अंगुळे याचे ठरीव माप असे. भास्कराचार्यांनी ते माप घडवायला कठीण आणि युक्तीला सोडून असल्याचे सांगून मोकळी रीत दिली: वाडगे कसलेही असो, ते एका अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजा आणि ६० घटींना त्या संख्येने भागा, म्हणजे त्या वाडग्याचे मान कळेल. वस्तू परिपूर्ण करण्यापेक्षा तिचे मोजमाप पडताळून घ्यावे, हा दृष्टिकोन आजच्या प्रयोगशाळेतला आहे. सर्व यंत्रांत श्रेष्ठ यंत्र म्हणून त्यांनी ‘धीयंत्र’, म्हणजे बुद्धी, हिचा निर्देश केला.

घटीपात्राशीच लीलावतीची आख्यायिका जोडलेली आहे: मुलीच्या लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी ठेवलेल्या वाडग्यात तिच्या पोशाखातला मोती पडला, छिद्र बुजले आणि वेळ टळली. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती येते अकबराच्या दरबारचा कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतरात. हाच फैजी चार वर्षांनी अकबराचा वकील म्हणून खानदेशचा फारुकी सुलतान राजा अली खान याच्याकडे बुऱ्हाणपूरला आला. ज्या आचार्यांच्या ग्रंथाचे त्याने भाषांतर केले, त्यांच्या नातवाचा मठ ज्या प्रदेशात होता त्याच प्रदेशाच्या राजधानीत तो उतरला होता.

स्पष्ट चंद्र चाकांवर आणताच येत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये वर काढलेले, दोन हजार वर्षांहून जुने कांस्ययंत्र याचा पुरावा आहे: त्यात एका चाकावरची खुंटी दुसऱ्या चाकाच्या खाचेत सरकते, दोन्ही चाकांचे मध्य किंचित वेगळे असतात, आणि त्यामुळे चंद्राचा काटा आकाशातल्या चंद्रासारखा कधी जलद, कधी मंद फिरतो, शिवाय अर्धा काळा, अर्धा पांढरा गोळा कला दाखवतो. बाजूला सरकलेला मध्य हीच कल्पना मंदफलामागेही आहे. युरोपात वजनांवर चालणारी मोठी यांत्रिक घड्याळे तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे पाटणचा मठ स्थापन झाल्यावर पाऊणशे वर्षांनी दिसू लागली आणि १४१० च्या प्राग शहराच्या घड्याळात चंद्राचा फिरता गोळा आला. तरीही मनगटी घड्याळाच्या कारागिरांनी बहुतांशी मध्यम चंद्रावरच समाधान मानले. त्यांच्या गिऱ्हाइकाला तिथीचा शेवटचा क्षण नको होता. पाटणच्या ज्योतिष्याला तो हवा होता, कारण व्रत, श्राद्ध आणि ग्रहणातले दान त्याच्यावर अवलंबून होते.

चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यादवांचे राज्य संपले. आचार्यांचे ग्रंथ मात्र महाराष्ट्रभर शिकवले जात राहिले आणि नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली. एकोणिसाव्या शतकात पंचांगातला स्पष्ट चंद्र आकाशाशी जुळत नसल्याचे दाखवून गणितज्ञ केरूनाना छत्रे यांनी सुधारणेचा आग्रह धरला, आणि या सगळ्या परंपरेचा पहिला समग्र इतिहास मराठीतच लिहिला गेला. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित त्या शतकाच्या अखेरच्या काळात काही वर्षे धुळ्यात शिक्षक होते, आणि नोकरी सांभाळून त्यांनी केलेले काम आजही या विषयाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या गणिताच्या शिक्षकांनी ६,८९,३७७ आणि ५१,५६६ या दोन संख्या फळ्यावर लिहून आठवीनववीच्या मुलांकडून त्रिकोण काढून घ्यावा, अकरावीच्या मुलांकडून त्याचा कोन काढून घ्यावा, आणि मग त्यांना पाटणला न्यावे. देवीचे दर्शन घेणाऱ्या प्रत्येकाला हा शिलालेख मराठी अर्थासह वाचता येईल अशी सोय तिथे कायमची व्हायला हवी, आणि चंद्रकोर कधी उगवेल हे शिकवणाऱ्या मठासाठी खानदेशच्या तेल्यांनी, व्यापाऱ्यांनी आणि मापाऱ्यांनी पैसा पुरवला होता, हेही त्यात ठळक लिहिलेले असावे.